विषाणूचा ताप उतरल्यावर फुप्फुसात राहिलेला दाह: ऑटोइम्यून आजार म्हणायचा की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते कोथरूडला राहतात. त्यांच्या आईंचे वय ५६ असून त्यांना ऑगस्टमध्ये फ्लू झाला. घशाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए आढळला, ताप आठवडाभरात उतरला, रुग्णालयात दाखल व्हावे लागले नाही. मात्र अडीच महिने उलटूनही कोरडा खोकला जात नाही आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना मध्येच थांबावे लागते. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धूसर डाग दिसले आणि अहवालात 'एनएसआयपी किंवा ऑर्गनायझिंग न्यूमोनिया' (फुप्फुसाच्या दाहाचे दोन प्रकार) असा शेरा आहे. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी १:१६० ला (रक्त १६० पट पातळ करूनही) पॉझिटिव्ह आली आणि त्यात 'सायटोप्लाझ्मिक' असा उल्लेख आहे. डॉक्टरांनी हा ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा प्रकार असावा असे सांगून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुचवले आहे. हा आजार विषाणूमुळेच झाला का, स्टिरॉइड लगेच सुरू करावे की थोडे थांबावे, औषधे जन्मभर घ्यावी लागतील का आणि पुढच्या वर्षी फ्लूची लस घ्यावी की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी छातीविकारांचा डॉक्टर आहे आणि अशा रुग्णांना पुण्यात बरीच वर्षे पाहत आलो आहे. आईंना तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, म्हणून येथे मी निदान करत नाही. त्यांच्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नेमके काय विचारायचे आणि कोणत्या गोष्टीत उशीर करायचा नाही, एवढे मात्र सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विषाणूजन्य न्यूमोनियानंतर दोन-तीन महिने खोकला आणि धाप राहिली आणि स्कॅनमध्ये डाग दिसले, तर त्यांतील बहुतेकांना ऑटोइम्यून आजार नसतो. फुप्फुसातील सूज ओसरण्याला वेळ लागतो. कधी हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये दुरुस्तीच्या ऊतींचे गोळे साठून राहतात, त्यालाच ऑर्गनायझिंग न्यूमोनिया म्हणतात, आणि तो बहुतांशी आपणहून किंवा थोड्या स्टिरॉइडने विरघळतो. कोविडच्या काळात हे हजारो रुग्णांमध्ये पाहायला मिळाले. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत अशा १३० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने सुरुवात केली होती आणि निम्म्यांना अवघ्या १० मिलिग्रॅमने. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या सुधारणेत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. म्हणजे हा निव्वळ संसर्गानंतरचा दाह असेल, तर मोठ्या मात्रेची घाई करण्याचे कारण नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत खरा प्रश्न असा आहे की हे प्रकरण त्या सौम्य गटातले आहे, की रोगप्रतिकारक यंत्रणा फुप्फुसावर उलटलेली आहे.

यंत्रणा उलटते म्हणजे काय, हे पुणेकरांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकिटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे वर्तमानपत्रांतल्या 'जीबीएस'ची साथ आली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेक रुग्णांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या बाह्य आवरणावरील काही साखरयुक्त रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरील रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरही हल्ला चढवतात. जुलाब थांबतात, आणि त्यानंतर काही दिवसांनी पायांतली ताकद जाऊ लागते. संसर्ग संपल्यावर उद्भवणाऱ्या ऑटोइम्यून आजाराचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण. विषाणूंच्या बाबतीत एपस्टीन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा संबंध असाच ठळक आहे. अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे दिसले की या विषाणूची लागण झाल्यानंतर त्या आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो.

तरीही जीबीएसशी केलेली तुलना फार लांब ताणू नये. जीबीएस एकदा येतो, शिखरावर जातो आणि बहुधा पुन्हा येत नाही. फुप्फुसाचे ऑटोइम्यून आजार असे एका फेरीत आटोपत नाहीत. ते धुमसत राहतात आणि धुमसताना मागे फायब्रोसिस, म्हणजे तंतुमय व्रण ठेवून जातात. 'जीबीएसचे पेशंट बरे होऊन घरी गेले, तशी आईही होईल' अशी समजूत करून घेणारे नातेवाईक गेल्या वर्षभरात मला भेटले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

फुप्फुसात ही उलथापालथ कशी होते, याचे काही धागे आता बऱ्यापैकी उलगडले आहेत. विषाणू वायुकोशांच्या अस्तराच्या पेशी फोडतो, तेव्हा एरवी पेशीच्या आत दडलेली प्रथिने उघड्यावर येतात. दाहाच्या ठिकाणी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आपले डीएनए जाळ्यासारखे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात प्रथिनांची रासायनिक रूपे बदलतात. अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या काही रुग्णांमध्ये सांधे दुखू लागण्याच्या आधीच सापडतात, आणि त्यांची सुरुवात फुप्फुसातच होत असावी असे मानायला सबळ कारणे आहेत. स्नायुदाहाच्या, म्हणजे मायोसायटिसच्या गटातील 'एमडीए-५' या उपप्रकारात तर विषाणूशी असलेले नाते नावातच आहे, कारण एमडीए-५ हे प्रथिन पेशीच्या आत शिरलेल्या आरएनए विषाणूचा सुगावा घेणारे पहारेकरी प्रथिन आहे आणि काही रुग्णांचे शरीर नेमके त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. या रुग्णांमध्ये फुप्फुसाचा दाह काही आठवड्यांत गंभीर रूप घेऊ शकतो.

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डॉक्टरांनी २०१८ ते २०२२ या काळात एमडीए-५ प्रतिपिंडे आढळलेल्या ६० व्यक्तींची माहिती एकत्र केली. २०२१ मध्ये ही संख्या एकदम वर गेली होती, अनेकांमध्ये या आजाराची त्वचेची आणि स्नायूंची नेहमीची चित्रे दिसत नव्हती, आणि आठ जण फुप्फुसाच्या वाढत्या फायब्रोसिसने दगावले. संशोधकांनी या प्रकाराला कोविडशी समकालीन असे वेगळे नावही सुचवले. मला हे काम महत्त्वाचे वाटते, पण काळाचा मेळ बसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही. त्याच वर्षी लसीकरणही मोठ्या प्रमाणावर चालू होते आणि अधिक रुग्णांच्या अधिक तपासण्याही होत होत्या. जर्मनीत २०२० मध्ये कोविड झालेल्या सुमारे ६ लाख ४२ हजार लोकांची तुलना कोविड न झालेल्यांशी केली गेली, तेव्हा नव्या ऑटोइम्यून आजारांचे प्रमाण दर हजार व्यक्ती-वर्षांमागे साधारण साडेदहावरून पंधरावर गेलेले दिसले. धोका वाढतो हे खरे, तरी कोविड होऊन गेलेल्या बहुसंख्य लोकांना असले काही होत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

उलट्या दिशेचाही विचार करावा लागतो. २०२० मध्येच असे दिसून आले की जीवघेणा कोविड न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाला निकामी करणारी प्रतिपिंडे होती, आणि ज्यांचे जुने रक्तनमुने उपलब्ध होते त्यांच्यात ती संसर्गापूर्वीपासून होती. तेथे स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे आधी होती आणि तीव्र संसर्ग हा त्यांचा परिणाम होता. माझ्या बाह्यरुग्ण विभागात तर याहून साधी गोष्ट वारंवार घडते. आजार वर्ष-दोन वर्षे गुपचूप चाललेला असतो, 'वय झाले, वजन वाढले' म्हणून धाप दुर्लक्षिली जाते, मग फ्लू होतो, त्या निमित्ताने आयुष्यातला पहिला सीटी स्कॅन होतो आणि सारे खापर फ्लूवर फुटते.

हे ओळखता येते. आधीचा कोणताही छातीचा एक्स-रे शोधा: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेला, विम्यासाठी काढलेला, कसलाही चालेल. मूतखड्यासाठी पोटाचा सीटी कधी झाला असेल, तर तो अधिकच मोलाचा, कारण त्याच्या वरच्या काही चित्रांमध्ये फुप्फुसांचे तळ आपोआप येतात आणि आईंचे डाग नेमके तिथेच आहेत. रेडिओलॉजिस्टना ती सीडी आताच्या स्कॅनशेजारी ठेवून पाहायला सांगा. नुसता जुना छापील अहवाल पुरत नाही, कारण मूतखडा शोधणाऱ्याने फुप्फुसाबद्दल बहुधा काही लिहिलेले नसते. आताच्या स्कॅनमध्ये ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस, म्हणजे व्रणांनी ताणून रुंद झालेल्या श्वासनलिका, किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसत असेल, तर व्हेंटिलेटरवर न गेलेल्या व्यक्तीत हे सर्व अडीच महिन्यांत घडले असे मानणे अवघड आहे. आणखी एक सूचना: पालथे झोपवून काही चित्रे घेतली होती का, ते विचारा. उताणे झोपल्यावर गुरुत्वाकर्षणाने फुप्फुसाच्या मागच्या भागात जी धूसरता येते, ती पालथे होताच नाहीशी होते आणि कधीकधी आजाराचा संशयही तिच्याबरोबर जातो.

आता एएनएकडे वळू. या एका तपासणीने जितक्या घरांची झोप उडवली आहे, तितकी क्वचितच दुसरीने उडवली असेल. पूर्णपणे निरोगी लोकांमध्येही १:४० या पातळीला सुमारे ३० टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह येतात. विषाणूसंसर्गानंतर ती काही महिने पॉझिटिव्ह राहून पुन्हा निवळू शकते. केवळ १:१६० या आकड्यावर मी कोणालाही ऑटोइम्यून आजाराचा शिक्का मारणार नाही. पण तुमच्या आईंच्या अहवालातला जो शब्द तुम्ही जाताजाता लिहिला आहे, तो 'सायटोप्लाझ्मिक', माझ्या दृष्टीने आकड्यापेक्षा वजनदार आहे. एएनए ही मुळात पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी आहे. अँटीसिंथेटेज सिंड्रोम नावाच्या आजारातील प्रतिपिंडे, ज्यांत जो-१, पीएल-७, पीएल-१२ ही नावे येतात, केंद्राबाहेरच्या द्रवात असलेल्या प्रथिनांवर चिकटतात. त्यामुळे अशा रुग्णांचा एएनए पुष्कळदा चक्क 'निगेटिव्ह' छापून येतो आणि सायटोप्लाझ्मिक चमक कोपऱ्यातल्या शेऱ्यात राहून जाते. या आजारात फुप्फुसाचा दाह एनएसआयपी आणि ऑर्गनायझिंग न्यूमोनियाच्या मिश्र स्वरूपात दिसणे अगदी नेहमीचे आहे. शिवाय ताप हेही त्याचे एक लक्षण असते, म्हणून ज्यांचा स्वॅब कधी झालाच नाही अशा काही रुग्णांचा 'व्हायरल ताप' हा मुळात याच आजाराचा पहिला झटका असतो. आईंचा फ्लू तपासणीने सिद्ध झालेला आहे, तेव्हा तो मुद्दा येथे लागू नाही.

म्हणून मायोसायटिस पॅनेल, म्हणजे स्नायुदाहाशी संबंधित प्रतिपिंडांची एकत्रित रक्ततपासणी करून घ्यावी, तीत एमडीए-५ आणि आरओ-५२ ही प्रतिपिंडे असल्याची खात्री करावी, सोबत सीपीके (स्नायूंच्या इजेची तपासणी), फेरिटिन (दाहात चढणारे प्रथिन), संधिवातासाठी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर व अँटी-सीसीपी आणि स्क्लेरोडर्मासाठी एससीएल-७० पाहावे. या पॅनेलच्या पट्ट्यांवर एखादी फिकट रेघ उमटली म्हणून घाबरून जाऊ नये. 'वीक पॉझिटिव्ह' निकालांत खोटे निकाल बरेच असतात. ठळक पट्टी, तिला जुळणारी एएनएची चमक आणि तिला जुळणारी शारीरिक चिन्हे, असे तिन्ही एकत्र आले की मगच त्या निकालाला अर्थ येतो.

शारीरिक चिन्हे शोधण्यासाठी यंत्र लागत नाही. आईंचे हात उजेडात नीट पाहा. तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि अंगठ्याची आतली बाजू खरखरीत होऊन तिथे बारीक चिरा पडल्या आहेत का? आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे 'भांड्यांच्या साबणाने झाले' म्हणून सोडून दिले जाते. पण साबणाचा त्रास सहसा तळव्यावर आणि सर्व बोटांवर पसरतो, तर या आजारातल्या भेगा बोटांच्या कडांवर रांगेत असतात. बोटांच्या सांध्यांवर लालसर-जांभळे उंचवटे, पापण्यांवर जांभळट सूज, थंड पाण्यात हात घातल्यावर बोटे आधी पांढरी आणि मग निळी पडणे, हेही पाहा. त्यांना विचारा की जमिनीवर बसल्यावर उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो का, माळ्यावरचा डबा काढताना किंवा वेणी घालताना दंड भरून येतात का, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही असे झाले आहे का, सकाळी बोटांचे सांधे आखडतात का. डॉक्टर पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवतात तेव्हा श्वास आत घेण्याच्या अखेरीस, कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तसा कोरडा चुरचुर आवाज येतो. तो दोन-तीन वेळा खोकल्यानंतरही तसाच राहिला तर त्याला महत्त्व आहे.

हे करत असतानाच बाकीचे संशयित बाजूला सारावे लागतात आणि पुण्यात त्यांतला पहिला आहे कबुतर. भारतातील इंटरस्टिशियल फुप्फुसविकारांच्या, म्हणजे वायुकोशांभोवतीच्या ऊतींच्या दाहाच्या व व्रणांच्या आजारांच्या राष्ट्रीय नोंदणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, १०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. संयोजी ऊतींचे (सांधे, त्वचा, स्नायूंशी निगडित) ऑटोइम्यून आजार सुमारे १४ टक्क्यांमध्ये होते. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणजे श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या कणांविरुद्धची फुप्फुसाची अतिरेकी प्रतिक्रिया. कबुतरांची विष्ठा आणि पिसांवरची भुकटी, कूलरमधल्या ओल्या गवताची बुरशी, ओल आलेल्या भिंती, ही त्याची ठरलेली कारणे. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच आजार होता. कोथरूड असो की सदाशिव पेठ, सोसायटीच्या डक्टमध्ये, एसीच्या बाहेरच्या युनिटवर आणि बंद फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरांचे बस्तान असते, आणि घरात पक्षी पाळलेला नाही म्हणून 'पक्ष्यांशी संबंध नाही' असे उत्तर रुग्ण प्रामाणिकपणे देतात. तुम्ही स्वतः स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या खिडकीबाहेर डोकावून पाहा. कारण हा आजार असेल आणि कबुतरे तशीच राहिली, तर जगातले कुठलेही औषध पुरे पडणार नाही.

दुसरा संशयित क्षयरोग. स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयजंतूंचे जनुक शोधणारी तपासणी, आणि थुंकी येत नसेल तर ब्रॉन्कोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेल्या द्रवाची तपासणी, आपल्या देशात टाळू नये. तिसरा संशयित औषधांचा: लघवीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी महिनोन्महिने घेतलेले नायट्रोफ्युरँटॉइन फुप्फुसात अगदी असेच चित्र उभे करते आणि या वयाच्या स्त्रियांमध्ये ते सर्रास दिले जाते. मेथोट्रेक्सेट आणि हृदयासाठीचे अमिओडॅरोन ही नावेही विचारात घ्यावीत.

मग स्टिरॉइड लगेच घ्यावे की थांबावे? उत्तर आजाराच्या वेगावर अवलंबून आहे. धाप स्थिर असेल, चालल्यावर ऑक्सिजन ९४-९५च्या खाली जात नसेल, तर वरच्या तपासण्यांसाठी आठवडा-दोन आठवडे थांबण्यात तोटा नाही. उलट आधी स्टिरॉइड दिल्याने काही तपासण्यांचे चित्र धूसर होते. पण धाप आठवड्यागणिक वाढत असेल, सहा मिनिटे चालल्यावर ऑक्सिजन चार किंवा अधिक अंकांनी घसरत असेल, फेरिटिन खूप चढलेले असेल किंवा हातांवर वर सांगितलेली चिन्हे असतील, तर एमडीए-५चा अहवाल हाती येण्याची वाट पाहत घरी बसू नये. अशा रुग्णाला दाखल करून तपासण्या आणि उपचार बरोबरीने चालवावे लागतात, आणि तेथे स्टिरॉइडसोबत टॅक्रोलिमस, सायक्लोफॉस्फमाइड, रिटुक्सिमॅब किंवा टोफासिटिनिब यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरुवातीलाच जोडण्याचा निर्णय छातीविकारतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो. हा एकच प्रकार असा आहे की ज्यात दोन आठवड्यांचा उशीर परत भरून काढता येत नाही.

स्थिर रुग्णात ऑटोइम्यून दाह निश्चित झाल्यास प्रेडनिसोलोन साधारण शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून काही आठवड्यांनी हळूहळू उतरवले जाते, आणि त्याची जागा घेण्यासाठी मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आधीपासूनच सुरू केले जाते, कारण या औषधांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. येथे एक अपवाद महत्त्वाचा आहे: स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक होत जाणारा आजार असेल, तर स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडांवर अचानक संकट येऊ शकते, म्हणून त्या आजारात मायकोफेनोलेटवर मुख्य भर असतो. अझाथायोप्रिन देण्यापूर्वी टीपीएमटीबरोबर एनयूडीटी-१५ या जनुकाची (दोन्ही या औषधाच्या विघटनाशी संबंधित) तपासणी करून घ्यावी असे मी सांगतो. त्यातले घातक बदल भारतीयांमध्ये युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतात आणि त्या व्यक्तींच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या मात्रेनेही धोकादायक पातळीला उतरतात. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे; तुमच्या आईंना हा प्रश्न नाही, पण तरुण स्त्रियांनी हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

स्टिरॉइडबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात: नावाने धसका घेणारे, आणि 'गोळीने बरे वाटते' म्हणून मेडिकलमधून परस्पर घेत राहणारे. दोघांसाठीही काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी. तिच्यामुळे वाढणारी साखर प्रामुख्याने दुपारनंतर आणि संध्याकाळी वाढते. सकाळची उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून समाधान मानणारे रुग्ण नेमके इथे फसतात. तेव्हा ग्लुकोमीटरने दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा संध्याकाळी चारपाचच्या सुमारास साखर बघावी. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर चालणार असेल, विशेषतः दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सोबत असेल, तर न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया टाळण्यासाठी को-ट्रायमॉक्साझोल हवे. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरुवातीपासूनच द्यावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली गोळी एका दिवसात बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण तोवर शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार होणे मंदावलेले असते.

'औषधे जन्मभर का?' याचे उत्तर प्रकारानुसार बदलते. हे निव्वळ फ्लूनंतरचे ऑर्गनायझिंग न्यूमोनिया असेल, तर काही महिन्यांत औषध संपते. अँटीसिंथेटेज सिंड्रोमसारखा आजार असेल, तर औषधे वर्षानुवर्षे चालतात आणि घाईने कमी केल्यास आजार उसळतो. बऱ्याच रुग्णांचे स्टिरॉइड मात्र वर्षभरात अगदी लहान मात्रेवर येते किंवा सुटते. दाह शमूनही फायब्रोसिस वाढतच राहिले, तर निंटेडॅनिब हे फायब्रोसिसचा वेग कमी करणारे औषध जोडले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६६३ रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसाच्या क्षमतेतली वार्षिक घट या औषधाने सुमारे १८८ मिलिलिटरवरून ८१वर आली. त्यातून हेही लक्षात यावे की घट थांबली नाही, मंदावली. झालेले व्रण ते पुसत नाही. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास, आणि तो सहन होत नाही म्हणून औषध परस्पर सोडण्याऐवजी मात्रा कमी करून घेता येते.

प्रगतीचा हिशेब ठेवण्यासाठी दर तीन-चार महिन्यांनी एफव्हीसी (एका दमात बाहेर सोडता येणारी हवा) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ही दोन मोजमापे पुरतात. वर्षभरात एफव्हीसी पाच टक्क्यांच्या किंवा डीएलसीओ दहा टक्क्यांच्या अंकांनी घसरली, तर आजार पुढे सरकतो आहे असे समजून उपचार बदलावे लागतात. दर महिन्याला सीटी करण्याची गरज नाही, आणि तसे सुचवणाऱ्याला कारण विचारावे. घरच्या पल्स ऑक्सिमीटरबद्दल एक बारीक सूचना: ज्यांची बोटे थंडीत पांढरी-निळी पडतात, त्यांच्या बोटावरचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. डिसेंबरच्या पहाटे ८८ पाहून रुग्णाला घाईघाईने तातडीच्या विभागात आणले जाते आणि कानाच्या पाळीवर तपासले तर ९६ निघते. हात कोमट पाण्यात पाच मिनिटे धरून, नखांवरचे पॉलिश काढून, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावर नोंद घ्या. त्याहून उपयोगी नोंद म्हणजे घरातल्याच पॅसेजमध्ये सहा मिनिटे चालून झाल्यावर लगेच घेतलेली.

शेवटचा प्रश्न लसीचा. फ्लूमुळे हे सुरू झाले असेल, तर फ्लूच्या लसीने ते पुन्हा भडकेल अशी भीती तुम्हाला वाटते, आणि ती मला समजते. पण इंजेक्शनने दिली जाणारी फ्लूची लस निष्क्रिय असते, तिच्यात वाढू शकणारा विषाणू नसतो, आणि अशा फुप्फुसांना खऱ्या फ्लूचा दुसरा फटका लसीपेक्षा कितीतरी महाग पडतो. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात हा विषाणू शहरात हजेरी लावतो. म्हणून लस पावसाळ्यापूर्वी, मे-जूनपर्यंत घ्यावी. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची लसही घ्यावी. नाकात फवारण्याची फ्लूची जिवंत लस आणि इतर जिवंत लसी मात्र ही औषधे चालू असताना वर्ज्य आहेत. आईंना रिटुक्सिमॅब द्यायचे ठरले, तर त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करावी आणि शक्य असल्यास लसी पहिल्या डोसच्या किमान दोन ते चार आठवडे अगोदर उरकाव्यात, कारण त्या औषधानंतर सहा महिने शरीर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. आजार वेगाने वाढत असेल तर लसीसाठी रिटुक्सिमॅब अडवून ठेवू नये. पुढच्या भेटीला जाताना स्वॅबचा अहवाल, सीटीची सीडी, जुना एक्स-रे आणि गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या सर्व औषधांची यादी सोबत न्या, आणि आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीची औषधे चालू असतील तर ती यादीतून वगळू नका.